रिकामे डबे : लॉकडाऊनमध्ये आणि त्यानंतर शहरात पोट कसं भरलं, लिहा

पाटावरवंटा
काल आईच्या रेशनकार्डाचं ई-केवायसी करायला गेले होते गोवंडीत. रांग पार रस्त्यापर्यंत. माझ्यापुढे एक मावशी, चार घरची भांडी घासणाऱ्या, त्यांचा अंगठाच उमटेना. मशीन सारखं नाही म्हणतंय. दुकानदाराने ओल्या फडक्याने हात पुसायला लावला, मग दुसरं बोट, मग तिसरं. मावशी रडकुंडीला आल्या, "दादा नाव कापू नका, त्या कोरोनात कार्ड नव्हतं तर काय काय बघितलंय." आणि मला सगळा २०२० चा एप्रिल आठवला, रात्रभर झोप नाही.

आमचे बाबा तेव्हा बॅगांच्या कारखान्यात होते, पगार दर शनिवारी. २४ मार्चला रात्री आठला २१ दिवसांचं जाहीर झालं तेव्हा घरात जे होतं ते होतं, पुढचा शनिवार आलाच नाही. कार्ड होतं पण ते जालन्याला, आजीच्या नावावर, आमची नावं त्यात. म्हणजे सरकारी हिशोबाने आमचं धान्य गावाला होतं आणि पोटं इकडे. आईने काय केलं, जेवण दुपारी साडेतीनला नेलं. सकाळचं पण तेच आणि रात्रीचं पण तेच. रात्री नुसता कोरा चहा. धाकट्याला पाच रुपयांचा बिस्किटपुडा, तो पण अर्धा आज अर्धा उद्या. पाकिटं वाटायला गाडी यायची पण आई आमच्या गल्लीच्या रांगेत कधी उभी राहिली नाही, पलीकडच्या वस्तीत जायची जिथे कोणी ओळखत नाही.

मला विचारायचंय ते हे की तुमच्याकडे स्वयंपाकघर पूर्वीसारखं कधी झालं? कारण लोक म्हणतात लॉकडाऊन उठला आणि सगळं सुरळीत. आमच्याकडे तर कारखाना दिवाळीनंतर अर्ध्या पगारावर सुरू झाला, पहिले कितीतरी महिने पगार उधारीतच. डाळीचा डबा भरलेला बघायला २०२२ उजाडलं. मला तरी वाटतं भूक लॉकडाऊनबरोबर संपली नाही, ती वाण्याची वही कोरी होईपर्यंत चालली. लिहा सगळ्यांनी, जमेल तसं.

कुकरचीशिट्टी
वाचून गलबललं गं. पोरांचे डबे भरायचेत, रात्री लिहिते नक्की.

मीटरडाउन
आमचे पप्पा रिक्षा चालवायचे डोंबिवलीत. कार्ड केशरी. पहिल्या महिन्यात दुकानदार म्हणाला तुमच्या कार्डाला काही नाही, मोफतवालं पिवळ्याला आणि प्राधान्यवाल्या केशरीला आहे. दोन्ही केशरीच दिसतात हो, फरक फक्त त्या शिक्क्याचा. कार्ड काढलं तेव्हा कोणीतरी उत्पन्न जरा जास्त लिहिलेलं, शहरात वर्षाला ५९ हजाराच्या वर गेलात की प्राधान्यातून बाहेर. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार पण नाही, शहरात पाच हजारात भाडं तरी निघतं का सांगा. मग मे-जूनसाठी केशरीला जाहीर झालं, माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी. ते आणलं तेव्हा मम्मीने गहू निवडत निवडत सगळ्या नातेवाइकांना फोन केले एवढी खूश. पण गिरण बंद!! गहू घरात आणि पीठ नाही. शेवटी भिजवून भरडून त्याची खीर, गूळ नव्हता म्हणून मिठाची. दोन-तीन आठवडे तेच.

आणि रिक्षाचा हप्ता. तो पुढे ढकलता आला पण व्याज चालूच होतं. पप्पांनी २०२१ ला रिक्षा विकली, आता एका सोसायटीत वॉचमन आहेत.

सदाशिवपेठीपाहुणा
मी एमपीएससीवाला, पुण्यात कॉट बेसिसवर. आमचं कोणी धरतच नाही उपाशी लोकांत पण मेस बंद झाल्यावर पेठेतल्या पोरांचं काय झालं ते आम्हालाच माहीत. रूमवर गॅस लावायला मालकाची परवानगी नाही, घरी फोन करून सांगायची लाज कारण घरी पण कापूस विकायचा राहिलेला. कुणीतरी इलेक्ट्रिक किटली आणली त्यात भात शिजवायचा प्रयोग झाला, भात खाली करपतो वर कच्चा राहतो पण खाल्ला. एक काकू होत्या खालच्या मजल्यावर, त्यांनी काही न विचारता जिन्यात रोज पोळ्यांचा डबा ठेवायला सुरुवात केली. आम्ही किती जण आहोत ते त्यांना चपलांवरून कळायचं. नंतर मे मध्ये एसटीने गावी सोडलं. परीक्षा पुढे ढकलली गेली, मग परत ढकलली गेली, कितीतरी पोरं परत आलीच नाहीत पुण्यात. माझा रूममेट त्यातलाच, आता बीडला मोबाईल रिपेअरिंग करतो, हात फार चांगला आहे त्याचा.

खिडकीतलंऊन
@सदाशिवपेठीपाहुणा त्या काकूंना भेटलास का नंतर?

सदाशिवपेठीपाहुणा
हो तर, परीक्षेतून पोस्ट निघाली तेव्हा पहिले पेढे त्यांनाच. म्हणाल्या डबा परत केला नाहीस माझा 😄 खरंच राहिला होता बॅगेत, गावी गेला माझ्याबरोबर.

वाणसामान
मी दुकानदार आहे म्हणून वहीबद्दल लिहितो, वर विषय निघालाय. माझं दुकान ठाण्याला, वस्तीच्या तोंडावर. पोलीस सकाळी थोडा वेळ उघडू द्यायचे तेवढ्यात सगळं. माझा माल वाशीवरून यायचा, मे मध्ये एपीएमसी मार्केट ११ ते १७ बंद होतं तेव्हा माझ्याकडे फक्त मीठ, काडेपेटी आणि शाम्पूच्या पुड्या उरल्या होत्या. लोकांची खरेदी बघून मला घरात काय चाललंय ते कळायचं. जे किलोने डाळ न्यायचे ते पाव न्यायला लागले, मग मसूर (तूर परवडेना), मग नुसती हळद-तिखटाची पुडी, म्हणजे आता डाळ नाही नुसतं पाणी फोडणीला घालताहेत. तेल तर विचारू नका. २०२० च्या सुरुवातीला सोयाबीनचं पाकीट शंभरच्या आसपास, २०२१ च्या उन्हाळ्यात दीडशेच्या वर. लॉकडाऊन उठला आणि तेल चढलं, म्हणजे कमाई अर्धी आणि फोडणी दीडपट. त्यामुळे धाग्यात जे लिहिलंय की नंतरही भूक चालू राहिली ते मला माझ्या काउंटरवरून दिसलंय, २०२१ ला माझी उधारी २०२० पेक्षा जास्त होती. काही लोक खोली सोडून गावाला गेले, ती पानं तशीच आहेत. पण बहुतेकांनी फेडली, एक बाई तर तीन वर्षांनी कर्नाटकातून आल्या आणि पैसे ठेवून गेल्या, मी वही शोधत होतो तर म्हणाल्या शेठ मला पाठ आहे आकडा.

मीटरडाउन
शेठ तुमच्यासारखे वाणी होते म्हणून जगलो. रेशन आणि पाकिटं यायच्या आधी पहिली मदत उधारीचीच होती, ती कुणी मोजत नाही.

कडकभाकरी
सोलापूर. आमच्याकडं आई विडी वळती. कारखान्यातनं पान-तंबाखू मिळालं तर विडी, विडी दिली तर आठवड्याला पैसे. सगळंच बंद. आमच्या गल्लीत सगळ्याच बायका विडीवाल्या त्यामुळं कुणी कुणाकडं मागायचं? सगळ्यांचंच एक. पण ज्वारी होती थोडी थोडी प्रत्येकीकडं, मग कडक भाकरी थापून ठेवल्या. ती महिनाभर राहती, विस्तू एकदाच लागतो. शेंगाचटणी संपली तर नुसती पाण्यात बुडवून. मुंबईच्या लोकांकडं हे नव्हतं, तुमच्याकडं रोजचं आणायचं रोज शिजवायचं म्हणून जास्त हाल झाले असं मला वाटतं. इथं नाव लिहायला आवडत नाही पण शेजारच्या आजीनं त्या दिवसात डोळ्याचं ऑपरेशन होऊन पण भाकऱ्या थापल्या सगळ्या गल्लीच्या.

खिडकीतलंऊन
कडक भाकरी मुंबईत चांगली कुठे मिळते हो? दादरला मिळते ती भुसभुशीत असते. सॉरी विषयांतर.

कडकभाकरी
कुणी येणारं असंल तर पाठवते ताई. दादरची खाऊ नका.

पिशवीभरखिचडी
मी तेव्हा कुर्ल्यात एका कम्युनिटी किचनमध्ये जायचे, ओळखीच्या लोकांनी मिळून चालवलेलं. तिथे जे शिकले ते लिहून ठेवते कारण पुढच्या वेळी (येऊ नये, पण) लोकांना उपयोग होईल.

शिजवलेलं की कोरडं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. आधी वाटलं किट दिलं की झालं, तांदूळ आटा डाळ तेल मीठ. पण जरीकामाच्या आणि शिलाईच्या कारखान्यातली पोरं तिथेच झोपायची, खाणावळीत जेवायची, त्यांच्याकडे ना स्टोव्ह ना तवा. त्यांना आट्याची पिशवी देऊन काय उपयोग. त्यांना शिजवलेलंच हवं. उलट घरवाल्या बायका म्हणायच्या ताई रोज रांग नको, धान्य द्या, आम्ही शिजवू, आमची पोरं आमच्या हातचं खातील. तिसरे होते ज्यांच्याकडे धान्य होतं पण गॅस संपलेला, ते छोटे सिलेंडर किलोवर भरून आणतात त्यांचं भरायचं दुकानच बंद. उज्ज्वलाचे तीन मोफत सिलेंडर आले पण ते ज्यांच्या नावावर कनेक्शन त्यांना, भाड्याच्या खोलीत कुठलं कनेक्शन.

आणि खिचडी नासते! एप्रिलमधली मुंबई, पहाटे शिजवून बंद पाकिटात भरली की दुपारी आंबूस वास. म्हणून आम्ही टोमॅटो आणि बटाटा बंद केला, भात मोकळा करून गार करून मग भरायचो, त्यात वेळ जायचा, मग लोक उन्हात थांबायचे. लहान बाळांचं कुणाच्या लक्षातच नव्हतं, आईला दूध येत नाहीये कारण आईच जेवली नाही, आणि पावडरचा डबा महाग. ते आम्ही नंतर सुरू केलं. धाग्यातल्या आईसारख्या लांबून येणाऱ्या बायका मी रोज बघायचे, ओळखू यायच्या, पदर पुढे ओढलेला आणि मागे उभ्या. आम्ही कधी कुणाचा पत्ता विचारला नाही, कार्ड तर नाहीच.

पाटावरवंटा
@पिशवीभरखिचडी ताई तुम्ही पत्ता विचारला नाहीत हे वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली एका ठिकाणी आधार दाखव म्हणाले म्हणून ती तशीच परत आली होती. मला हे माहीतच नव्हतं इतकी वर्षं.

पिशवीभरखिचडी
आईंना नमस्कार सांग गं. 🙏

कुकरचीशिट्टी
शिवभोजन थाळी होती ना पण? फुकट होती ती. आमच्या स्टेशनजवळ केंद्र होतं.

मीटरडाउन
२०२० ला फुकट नव्हती ताई, १० ची होती जानेवारीत सुरू झाली तेव्हा, मार्चअखेर ५ रुपये केली. फुकट केली २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत. दोन पोळ्या भाजी वरण भात. चांगली असायची. पण केंद्रावर ठरावीक थाळ्या, उशीर झाला की संपल्या. पप्पा वरण पिशवीत बांधून आणायचे आमच्यासाठी.

बालवाडीच्याबाई
मी अंगणवाडी सेविका, नागरी प्रकल्प. अंगणवाडी बंद झाली तेव्हा गरम ताज्या आहाराऐवजी कोरडा शिधा घरपोच द्यायला सांगितला. गहू, हरभरा, मसूरडाळ, तिखट, हळद, मीठ असं. पीपीई वगैरे काही नाही, तोंडाला ओढणी बांधून घरोघर. आता मला सांगा, पाकीट लेकराच्या नावाचं असतं पण शिजतं घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात. सहा तोंडात ते लेकराच्या वाट्याला किती येणार. अंगणवाडीत बसून जेवायचं तेव्हा निदान ते त्याच्याच पोटात जायचं. शाळेचा तांदूळ पण तसाच घरी दिला. मी कुणाला दोष देत नाही, आई कशी म्हणेल की हे फक्त धाकट्याचं, मोठीला नाही.

वजनं घ्यायचं पण बंद होतं कितीतरी महिने. परत काटा लावला तेव्हा जी मुलं आधी हिरव्यात (वजन ठीक) होती ती पिवळ्यात (कमी) दिसली, दोन तर लालमध्ये (फारच कमी). त्यातलं एक आता चौथीत आहे, वर्गात सगळ्यात लहान दिसतं. त्याची आई मला विचारते बाई हा वाढेल का आता. डॉक्टरांनी सांगितलंय खायला द्या, अंडी द्या. ती रोज अंडं कुठून आणणार.

खिडकीतलंऊन
बाई त्या मुलाच्या अंड्यांचं मला करायला आवडेल. मेसेज करते.

टोमॅटोचाक्रेट
मी दुसऱ्या बाजूचा. नारायणगावजवळचा शेतकरी. तुम्ही तिकडे पाण्याला फोडणी देत होता आणि आम्ही इकडे टोमॅटो बांधावर टाकत होतो, हे एकाच महिन्यात. पुण्याचं मार्केट यार्ड बंद, गाडी गेली तर हमाल नाही, हॉटेलं बंद म्हणजे निम्मं गिऱ्हाईक गेलं. नाशिकच्या पाहुण्यांची द्राक्षं, एक्स्पोर्ट थांबला म्हणून बेदाण्याला घातली. माल कमी पडला म्हणून कुणी उपाशी राहिलं असं नाही, सरकारी गोदामं पण भरलेली होती. मधला रस्ता आणि खिशातला पैसा, दोन्ही तुटलं.

आम्ही गट करून सोसायट्यांना भाजी पोचवली, पिशवी भरून, पैसे फोनवर. ते चाललं पण ते फ्लॅटवाल्यांचं. वस्तीत विकायचं म्हणलं तर त्यांच्याकडे तेव्हा रोख पण नाही. शेवटच्या फेरीत उरलेली मेथी कोथिंबीर वाटेत वाटून यायचो. त्याची आठवण आजपण चांगली वाटते.

वाणसामान
@टोमॅटोचाक्रेट दादा यंदा भाव काय आहे?

टोमॅटोचाक्रेट
नका विचारू. फवारणीचा खर्च निघाला तरी देव पावला.

चौथीखोली
लिहू की नको असं चाललंय सकाळपासून. माझे मिस्टर टेम्पो चालवायचे, दुसऱ्या लाटेत गेले, एप्रिल २०२१. तेरा दिवस शेजारपाजाऱ्यांनी डबे आणले, इतके की फेकायला लागले. चौदाव्या दिवशी मी डबे उघडून बघितले, एका डब्यात पोहे होते अर्धा वाटी. हॉस्पिटलचं बिल भागवायला जे होतं ते गेलं होतं. ५० हजारांची मदत मिळते हे मला कितीतरी उशिरा कळलं, त्यात मृत्यूच्या दाखल्यावर कारणच नीट लिहिलेलं नव्हतं, ते दुरुस्त करण्यात वेळ गेला. त्या मधल्या काळात मुलींना मी शेजारी खेळायला पाठवायचे बरोबर जेवायच्या वेळेला. त्यांना मी सांगितलं नव्हतं काही पण मोठीला कळायचं, ती स्वतः नाही म्हणायची आणि धाकटीला पुढे करायची. सात वर्षांची होती. आता बारावीच्या मुलांसारखं शहाणं बोलते, मला ते आवडत नाही, लहान राहायला पाहिजे होती ती.

आता मी डबे देते ऑफिसला जाणाऱ्यांना. एक जास्तीचा डबा भरते रोज, वॉचमनच्या पोराला.

कुकरचीशिट्टी
ताई 🙏 काय बोलू. तुम्ही फार मोठ्या आहात. डबे कुठल्या भागात देता? माझ्या भावाला हवाय, कळवा.

बालवाडीच्याबाई
चौथीखोली ताई, मुलींना बालसंगोपन योजना लागली का? वडील गेलेत तर महिन्याला पैसे मिळतात. नसेल लागली तर महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा, मी कागद सांगते कोणते ते.

चौथीखोली
एकीची लागलीय बाई, धाकटीची अडकलीय. मेसेज करते.

कागदपत्र
मी रेशन हक्काचं काम करतो म्हणून दोन गोष्टी. वर सगळ्यांच्या लिहिण्यात एकच दिसतंय, कार्ड एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गावातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना धरलं, देशपातळीवर, आणि लोकसंख्या घेतली २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर जे शहरात आले, जन्मले, त्यांच्यासाठी जागाच नाही, इष्टांक (ठरवून दिलेली संख्या) भरला म्हणतात तो हाच. माणशी ५ किलो जास्तीचं मोफत धान्य एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ पर्यंत मिळालं आणि २०२३ पासून नेहमीचं धान्यच मोफत झालं, पण हे सगळं यादीत असलेल्यांना. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना मे-जून २०२० ची दोन महिन्यांची सोय झाली, माणशी ५ किलो आणि कुटुंबाला १ किलो चणा, मग बंद. सुप्रीम कोर्टाने जून २०२१ मध्ये एक देश एक रेशनकार्ड (कार्ड कुठलंही, धान्य कुठल्याही दुकानात) ज्या राज्यांत नाही तिथे ३१ जुलैपर्यंत लागू करा आणि स्थलांतरितांसाठी सामूहिक किचन चालवा असा आदेश दिला. महाराष्ट्रात ही सोय २०२० च्या सुरुवातीलाच होती, म्हणजे कागदावर तरी पाटावरवंटांच्या घरचं धान्य जालन्याऐवजी गोवंडीत मिळायला हवं होतं.

आणि ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना सांगा की मेरा ई-केवायसी अ‍ॅपवर चेहरा दाखवून पण होतं, आधारला मोबाईल जोडलेला हवा.

पाटावरवंटा
हे उद्याच सांगते मावशींना. थँक यू दादा.

मीटरडाउन
दादा आमच्या पप्पांचं केशरी प्राधान्यात येईल का आता? वॉचमनचा पगार आहे फक्त. आणि दिवाळीला १०० रुपयांत रवा चणाडाळ साखर तेल मिळालेलं २०२२ ला, ते आमच्या कार्डाला नव्हतं मिळालं.

कागदपत्र
उत्पन्नाचा दाखला नवीन काढा तहसीलचा, मग शिधावाटप कार्यालयात अर्ज. इष्टांकात जागा असेल तर घेतात, नसेल तर अर्ज घेऊन पोच द्या म्हणा, पोच सोडू नका. तोंडी नाही म्हणाले तर तिथूनच १९६७ ला फोन लावा.

कडकभाकरी
माझ्या भावाचं लग्न झालं तो पुण्याला असतोय. वहिनीचं नाव अजून माहेरच्या कार्डात हाय. तिकडं कमी करून इकडं घालायचं तर धान्य मधे बंद होतं म्हणे?

कागदपत्र
नाव कमी केल्याचा दाखला घेतला की लगेच दुसरीकडे लावायचं, मधे आठवडे जाऊ द्यायचे नाहीत. तोपर्यंत कार्ड प्राधान्य किंवा अंत्योदय असेल तर पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा बाराअंकी नंबर सांगून तिच्या वाट्याचं उचलता येतं, तिचाच अंगठा लागेल. माहेरच्यांना सांगून ठेवा की तिच्या वाट्याचं त्यांनी उचलू नये, नाहीतर मशीन शिल्लक शून्य दाखवेल.

कडकभाकरी
बरं झालं सांगितलं. वहिनीला फॉरवर्ड केलं. नंबर खोडलेला हाय कार्डावरचा, तो कुठं बघायचा?

कागदपत्र
दुकानातल्या मशीनवर तिचा आधार नंबर टाकला तरी निघतो. महिना संपायच्या आत जा म्हणावं.